ताटाचा रकाना

लोकांचा असा गोड गैरसमज असतो की व्हेरिएबल संगणक निवडतो. आपण डेटा द्यायचा, कळ दाबायची, आणि काय महत्त्वाचं, काय बिनमहत्त्वाचं ते तो सांगणार. उमेदीची सगळी वर्षं मी कोथरूडच्या दोन खोल्यांच्या एका ऑफिसात बसून हेच काम केलं, म्हणून सांगते, संगणक काही निवडत बिवडत नाही. आपल्याला निवडायचं जिवावर येतं, म्हणून आपण त्याचं नाव पुढे करतो.

ऑफिसच्या वरच्या मजल्यावर दहावीचे क्लास होते. तिथली बाकं सरकली की आमच्या छताची पांढरी पूड कीबोर्डवर पडायची. खाली दुचाक्या लावण्यावरून वॉचमन आणि पालक यांची रोजची हुज्जत. या गोंगाटात आम्ही लोकांना रिग्रेशन करून द्यायचो. म्हणजे एखादी गोष्ट कशाकशावर अवलंबून आहे, याचा आकड्यांवरून अंदाज बांधून द्यायचो. उसाचं उत्पन्न पाण्यावर किती, खतावर किती, लागवडीच्या महिन्यावर किती. एकेका कारणाचा एकेक रकाना असतो, त्यालाच व्हेरिएबल म्हणायचं. पुस्तकात त्याला ‘चल’ असा सोवळ्यातला शब्द आहे, पण तो आमच्याकडे कुणी वापरत नसे. रकाने पुष्कळ असतात, सगळे ठेवता येत नाहीत. कोणते ठेवायचे आणि कोणते काढायचे, ही खरी डोकेदुखी.

प्रोग्रॅम चालवला की ज्या व्हेरिएबलमध्ये दम आहे त्याच्यापुढे तारे छापून येतात. तीन तारे म्हणजे उत्तम. पीएचडीचे विद्यार्थी हे तारे हॉटेलचे मोजावेत तसे मोजायचे. “मॅडम, गाइड सरांच्या व्हेरिएबलला एक तरी तारा येतो का बघा ना,” असं म्हणणारे आठवड्याला दोघेतिघे यायचेच. मी सांगायची, नवस बोलायचा तर बुधवार पेठेत जाऊन गणपतीला बोला, इथे नाही. ते हसायचे आणि परत तेच विचारायचे. सुरुवातीला मला राग यायचा. पुढे पुढे रागाचाही कंटाळा आला. मान आखडलेली, गुडघे बोलायला लागलेले, आणि समोर कुणाचे तरी आकडे. अशा दिवसांत मांजरी गावच्या डॉक्टरबाई आमच्याकडे आल्या.

बाई सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. मांजरीत त्यांनी गरोदर बायकांसाठी एक केंद्र काढलं होतं. हडपसरच्या पुढे उसाची शेतं मागे हटत होती आणि त्यांच्या जागी सोसायट्या उभ्या राहत होत्या, ती ही वर्षं. त्यामुळे केंद्रात दोन तऱ्हांच्या बायका येत. एक, बांधकामांवर पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांच्या बायका. दुसऱ्या, गावातल्या जुन्या शेतकरी घरांच्या सुना. त्यांच्यातल्या काहींची जमीन विकली गेली होती, काहींचा ऊस अजून उभा होता, पण घरात खायला कमी नव्हतं. त्या यायच्या ते बाईंच्या हाताला गुण आहे म्हणून.

केंद्र सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी उघडायचं. गरोदर बाई आली की वजन, रक्तदाब, लोहाची गोळी समोर गिळायची, मग ताट. भाकरी, उसळ, एक अंडं, शेंगदाणे-गुळाचा लाडू. आणि बाईंचा एक कडक नियम होता: ताट तिथेच बसून संपवायचं. घरी न्यायचं नाही, पदरात लाडू बांधायचा नाही. “घरी गेलं की नवरा, सासू, आधीची पोरं, सगळ्यांच्या तोंडात जातं. हिच्या वाट्याला ताट घासणं येतं,” असं त्या म्हणायच्या. नियम शहाणपणाचा होता. पण त्याचा एक परिणाम कुणाच्याच लक्षात आला नव्हता. बाई तपासणीला आली तरच ताट, आणि आली की ताट. म्हणजे तपासण्यांचा आकडा आणि ताटांचा आकडा जवळजवळ एकच.

केंद्राचा खर्च एका कंपनीचा समाजकार्य विभाग करत होता. त्यांचा एक तरुण अधिकारी होता, हुशार, नीटनेटका, वाईट मुळीच नाही. त्याला एवढंच हवं होतं की बाळाचं जन्माचं वजन कशानं वाढतं ते कळावं. “एक्झॅक्टली काय वर्क करतंय ते बघू मॅडम, आणि तेच दहा गावांत करू.” तपासणी चालू ठेवायची की ताट, की दोन्ही, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं. बाईंना मी ते स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, “ताटाची काळजी नाही. आकडे खोटं कशाला बोलतील?”

मी प्रोग्रॅम लिहिला. आईचं वय, उंची, हिमोग्लोबिन, कितवं बाळंतपण, आधीच्या मुलाशी अंतर, तपासण्या, ताटं. मग जी पद्धत सगळे वापरतात तीच वापरली. त्यात प्रोग्रॅम एकेक व्हेरिएबल आत घेऊन बघतो, ज्याचा उपयोग नाही ते बाहेर काढतो, आणि शेवटी उरलेल्यांची यादी हातात देतो. यादीत उंची होती, हिमोग्लोबिन होतं, तपासण्या तर तीन ताऱ्यांसकट होत्या. ताट नव्हतं. मी ते हाताने परत आत घातलं, तर त्याच्यापुढे वजाबाकीचं चिन्ह आलं. चिन्हाचा सरळ अर्थ असा की तपासण्या सारख्या असतील, तर जास्त ताटं जेवलेल्या बाईचं बाळ हलकं. भाकरी-उसळ खाऊन बाळ हडकतं, असं आमचं सॉफ्टवेअर म्हणत होतं.

मग मी तपासण्यांचा रकाना काढून टाकला आणि एकटं ताट ठेवलं. लगेच ताटालाही तीन तारे. मी दोन्ही कागद सरांपुढे ठेवले. सर म्हणजे ऑफिसचे मालक, पूर्वी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असलेले, माझ्याइतकेच थकलेले गृहस्थ.

“दोन्ही रकाने चिकटलेत सर. वेगळे करता येत नाहीत.”

“मग एक काढा.”

“कुठला?”

“प्रोग्रॅमने काढलाय तो.”

मी म्हटलं, “सर, नवरा-बायको रोज एकाच स्कूटरवरून ऑफिसला येतात. उशीर कुणामुळे होतो, ते हजेरीवरून कसं कळणार?”

“कधीतरी एकजण रजेवर असेल ना? त्या दिवशी बघायचं.” सर हसले नाहीत. “बघा, असे दिवस असतील तर.”

बरोबर होतं त्यांचं. दोन आकड्यांत थोडा फरक होताच. काही बायकांची ताटं तपासण्यांपेक्षा कमी होती, आणि प्रोग्रॅमने जे काही ठरवलं होतं ते त्या थोड्या फरकावरून. बायका आल्या पण जेवल्या नाहीत. का, हे रकान्यात लिहिलेलं नव्हतं. सिलिंडर संपला असेल, कुणाला मळमळत असेल. मी फोनवर विचारलं तर बाई म्हणाल्या, एकदा येऊन बघा.

मांजरीला जायचं म्हणजे पुणं आडवं कापायचं. कोथरूडहून स्कूटर काढली ती हडपसरला पोचेपर्यंत उन्हाने आणि धुराने जीव नकोसा झाला. सिग्नलला थांबल्या थांबल्या मनात येत होतं, ताटाचं काय व्हायचं ते होऊ दे, अहवाल देऊन टाकावा आणि आडवं पडावं. पोचले तेव्हा केंद्र भरलेलं होतं. नेमका सोमवार होता.

वजनकाट्यापाशी रांग होती, पलीकडे सतरंजीवर पंगत. मी भिंतीशी स्टुलावर बसले. मजुरांच्या बायका तपासणी झाली की सरळ पंगतीत बसायच्या, खाली मान घालून भराभर जेवायच्या. एवढ्यात एक गावातली सून तपासून घेऊन, गोळी गिळून, चपला घालायला लागली. हातात चार-सहा बांगड्या सोन्याच्या. डॉक्टरबाई ओरडल्या, “अगं, ताट कोण खाणार?”

“आज सोमवार हाय ना बाई. उपास हाय.”

“पोटुशी बाईने कसला उपास?”

“सासूबाईंनी सांगितलंय. घरी साबुदाना केलाय, केळी हायत, दूध हाय.” ती हसून निघून गेली. तिच्या मागून तशीच आणखी एक गेली.

सतरंजीवर बसलेल्यांपैकी एकीचाही घास उपासासाठी अडला नव्हता. भाकरी आयती समोर आली असताना ती कुठल्याही वारासाठी नाकारणं त्यांना परवडणार नव्हतं. मी तिथल्या तिथे समजले. जी बाई ताट सोडून जात होती ती घरी जाऊन दूध-केळी खात होती. तिचं घर भरलेलं, म्हणून तिचं बाळ आधीच वजनदार. सोमवार, चतुर्थ्या, नवरात्र. ताटं कमी पडण्याची कारणं ही होती, आणि ती सगळी खात्यापित्या घरची होती. आमच्या प्रोग्रॅमने उपास करणाऱ्या सुनांची बाळं बघितली आणि ठरवलं की न जेवण्याने वजन वाढतं.

इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. परतताना ऊनही लागलं नाही. आता हे सांगितलं की प्रश्न मिटला, असं मला खरोखर वाटलं.

कंपनीच्या ऑफिसात बैठक झाली. गार खोली, काचेचं टेबल, मी, सर, डॉक्टरबाई आणि तो तरुण अधिकारी. मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“इंटरेस्टिंग आहे मॅडम. पण उपास हा व्हेरिएबल आपण मोजलाय का?”

“नाही.”

“घरची परिस्थिती? जमीन वगैरे?”

“तोही रकाना नाही. फॉर्म बनवताना कुणाला सुचलं नाही. म्हणून तर म्हणते, या वर्षी तो घाला. दोन्ही चालू ठेवा आणि पुढच्या वर्षी परत बघू.”

“पण रिपोर्ट याच क्वार्टरला द्यायचाय. मी वरती काय सांगू? डेटा एक म्हणतोय आणि मॅडमनी एका सोमवारी दोन बायका बघितल्या, असं?”

उत्तर उद्धट नव्हतं, म्हणून जास्त लागलं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना हेच विचारत आले होते, डेटात दाखवा. सर माझ्या बाजूने दोन वाक्यं बोलले. डॉक्टरबाई टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होत्या. एकदम म्हणाल्या, “अहो, उपाशी बाईला जेवायला घातलं की बाळ अंग धरतं, याला पुरावा लागतो?”

“आय अग्री मॅडम, पर्सनली,” तो म्हणाला. “पण तपासणीला तीन तारे आहेत आणि ताटाला मायनस आहे.”

अहवालात मी एक टीप घातली, दोन्ही व्हेरिएबल वेगळे करता येत नाहीत, ताट निरुपयोगी आहे असा अर्थ काढू नये. टीप छापली गेली. टिपा छापल्या जातातच, वाचत कुणी नाही. एप्रिलपासून ताट बंद झालं. तपासणी, गोळी आणि वजनकाटा चालू राहिला.

ते वर्ष कसं गेलं, हे मला तुकड्यातुकड्याने फोनवर कळायचं. मजुरांच्या बायका यायच्या कमी झाल्या. एक खाडा करून यायचं, रांगेत उभं राहायचं आणि नुसती गोळी घेऊन परत जायचं, हे किती दिवस जमणार? काही तरीही येत राहिल्या. ताटासाठी बाईंनी ओळखीपाळखीत शब्द टाकला. कधी नव्या सोसायटीतल्या कुणाच्या वाढदिवसाचं जेवण यायचं, कधी गणपतीत मंडळाकडून, कधी कुणी रिकाम्या हाताने येऊन फोटो काढून जायचं. एखादा महिना दर खेपेला ताट, नंतर दोन महिने काहीच नाही. कुणाचे दिवस कोणत्या महिन्यात भरत आलेत, त्यावर तिला काय मिळणार ते ठरायचं. बाई पहिल्या-पहिल्यांदा चिडून सांगायच्या, नंतर थकून. मी ऐकायची. इथे मी पुन्हा गाइड सरांच्या व्हेरिएबलला तारे येतात का ते बघत बसले होते.

पुढच्या वर्षी त्याच केंद्राची फाइल आमच्याकडे आली. मी ती उघडली, दोन रकाने शेजारी शेजारी लावले आणि बघतच राहिले. ते सुटे झाले होते. सगळ्या तपासण्या पण एकही ताट नाही अशा बायका होत्या. थोड्या तपासण्या आणि प्रत्येक वेळी ताट अशाही होत्या. आणि ते उपासामुळे नव्हतं, श्रीमंतीमुळे नव्हतं, निव्वळ नशिबामुळे होतं. चिठ्ठ्या टाकून वाटावं तसं जेवण वाटलं गेलं होतं. संख्याशास्त्रात यापेक्षा चांगलं काही नसतं. वर्गात शिकवतात ते हेच.

प्रोग्रॅम चालवायला काही क्षण लागले. ताटापुढे अधिक चिन्ह, तीन तारे. तपासण्यांपुढे जेमतेम एक. मी व्हेरिएबल आत घातले, बाहेर काढले, क्रम बदलला, ताट जागचं हललं नाही. सर मागे येऊन उभे राहिले.

“वा! इतका स्वच्छ डेटा बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता.”

“स्वच्छ कसा झाला ते माहीत आहे ना, सर?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “माहीत आहे,” म्हणाले, आणि आपल्या खोलीत गेले.

मी तो तक्ता ताटांच्या चढत्या क्रमाने लावला. असं करायची काही गरज नव्हती, उत्तर मिळालेलं होतं. पण मी लावला आणि वरच्या ओळी वाचत गेले. नावं नव्हती, नुसते नंबर. एका ओळीतल्या बाईने एकही तपासणी चुकवली नव्हती. नवव्या महिन्यापर्यंत आली होती, प्रत्येक गोळी गिळली होती, ताटांच्या रकान्यात शून्य. शेवटच्या रकान्यातला बाळाच्या वजनाचा आकडा वाचून मी खुर्ची मागे सारली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली कुणाची तरी दुचाकी उचलून बाजूला ठेवत होते. वरच्या क्लासमध्ये मुलं पाढे म्हटल्यासारखी सूत्रं म्हणत होती. मला रडू आलं. रागाचं होतं की थकव्याचं, सांगता येणार नाही. मी भांडले होते, माझं खरं ठरलं होतं, आणि इतकं वाईट मला खोटं ठरूनही कधी वाटलं नव्हतं.

अधिकाऱ्याला निकाल दाखवला तेव्हा तो मनापासून खूश झाला. ताट लगेच सुरू करण्याचं त्याने तिथल्या तिथे कबूल केलं, दहाही गावांत. दिलेला शब्द त्याने पाळलाही, ते सांगायलाच हवं. निघताना म्हणाला, “मॅडम, गेलं वर्ष ताट बंद होतं ते एका अर्थी बरंच झालं. त्याशिवाय हे प्रूव्ह झालंच नसतं.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो चुकीचं बोलत नव्हता. त्या काचेच्या टेबलापाशी बसून त्याचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे एकही मुद्दा नव्हता, आणि त्याच क्षणी मला माझ्या विषयाची पहिल्यांदा किळस आली.

जिन्यातूनच मी डॉक्टरबाईंना फोन लावला. चांगली बातमी होती, लवकर कळवावीशी वाटत होती.

“बाई, ताट सुरू होतंय. एक तारखेपासून. ताटामुळे वजन वाढतं हे आता आकड्यांवरून सिद्ध झालंय. आता कुणी नाही म्हणू शकणार नाही.”

पलीकडे केंद्रातला गलबला ऐकू येत होता, कुणाचं तरी तान्हं किरकिरत होतं.

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. “पण मला ते गेल्या वर्षीही माहीत होतं हो. आणि तुम्हालाही.”

मी हो म्हटलं.